टाके का पिकले नाहीत?

जानेवारीत बदलापूरचा पारा उतरला की त्याची बातमी होते, आणि बदलापूरकर ती कौतुकानं एकमेकांना पाठवतात. ऑपरेशन थिएटरातल्या थंडीचं मात्र कुणी नाव काढत नाही. ती मे महिन्यातही असते. एसी लावलेला असतो तो गाऊनमध्ये घामाघूम होणाऱ्या सर्जनसाठी. टेबलावरचा माणूस जवळजवळ उघडा, आणि भुलीखाली त्याला कुडकुडताही येत नाही. पहिल्या तासातच शरीराच्या आतलं तापमान अंश-दीड अंशानं उतरतं. मग रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत प्राणवायू कमी पोचतो, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ऊब राखलेल्यांपैकी ६ टक्के जणांची जखम पिकली, गार पडलेल्यांपैकी १९ टक्के जणांची. ऊब राखली होती गरम हवेच्या पांघरुणानं आणि कोमट केलेल्या सलाइननं.

हे पांघरूण सारखं करणारी सिस्टर डोक्याच्या बाजूला, भूलतज्ज्ञांशेजारी उभी असते. घड्याळावरही तिचीच नजर. अँटिबायोटिकचं इंजेक्शन साधारणपणे चीर देण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात अंबरनाथ, बदलापूरपासूनचे रुग्ण येतात. अशा कुठल्याही सरकारी रुग्णालयात मध्येच अपघाताची केस आली की पुढची सगळी यादी सरकते. इंजेक्शन सकाळीच वॉर्डात उरकलेलं असेल, तर चीर देईपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो.

भुलीचं प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते सोयाबीन तेलात मिसळलेलं असतं. जंतूंना ते फार मानवतं. म्हणून फोडलेल्या वायलमधलं उरलेलं औषध पुढच्या रुग्णाला द्यायचं नाही, टाकून द्यायचं. काटकसरीत वाढलेल्या आपल्या मनाला ही उधळपट्टी वाटते. माझ्या मते थिएटरातली सगळ्यात शहाणी उधळपट्टी हीच!

टाके कोरडे निघाले की नातेवाईक म्हणतात, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. असतोही. सिस्टरचं नावही त्यांना ठाऊक नसतं. त्यांचा भरवसा घरी जाताना मिळणाऱ्या गोळ्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय, की शस्त्रक्रिया संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये. पण हे डिस्चार्जच्या वेळी सांगून बघा. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालं, आणि गोळ्या नाहीत?’