अभंगाचे माप

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीने कोलकात्यात गाणी मुद्रित केली. तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत. गाण्याला तेवढे आखडावे लागले. आज स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की गाणे ‘वाजले’ असे मोजतात; म्हणून सुरुवातीलाच मन धरण्याची घाई. माप विकणाऱ्याचे, सवय मात्र आपल्या कानाला.

दोष यंत्राचा नाही; त्यानेच अभंग घरोघरी नेला. पण दिंडीत ध्रुवपद अंतरी उतरेपर्यंत घोळते. तिथे ऐकणारा गिऱ्हाईक नसतो, तोही टाळकरीच असतो. म्हणून फोनवरचा अभंग संपला की लगेच पुढचा लावू नका. त्याचेच ध्रुवपद स्वतः म्हणा, मन भरेपर्यंत. तेवढे माप तरी आपल्या हाती आहे.