दुसरा रिमोट

परवा माझ्या पुतण्याने माझ्याकडे हॅक्सॉ मागितली. हॅक्सॉ म्हणजे लोखंड कापायची ती बारीक दातांची करवत. ती आमच्या घरात आहे हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मला स्वतःला ती माळ्यावर सापडायला दोन तास लागले. "कशाला रे?" असं विचारलं तर म्हणाला, "बाबांचा व्हिडिओ गेम कापायचाय, काका." कलिंगड कापायचंय म्हणावं, तसा सूर!

हा व्हिडिओ गेम १९९६ साली आम्ही दोघा भावांनी उल्हासनगरहून आणला. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असे आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कर्जत लोकलमध्ये माझ्या पासाइतकाच नियमाने निघे. मूळ यंत्र निन्टेन्डोचं. १९८३ साली जपानात निघालं, नाव फॅमिकॉम. आमचं त्याची नक्कल. झाकणावरच्या नावात स्पेलिंगची चूक होती, पण चालायचं फक्कड. कॅसेट काढायची, फुंकायची, परत घालायची. फुंकण्याचा त्यात काही उपयोग नसतो असं पुतण्या म्हणतो. नसेल. आरतीत टाळ्या वाजवण्याचाही नसतो.

आणला माझ्या मुलासाठी. तो तेव्हा सात वर्षांचा. खेळायचो आम्ही, मुलं झोपल्यावर, आवाज बंद करून. धाकटा पहिला खेळाडू, मी दुसरा. मी थोरला असूनही दुसरा, कारण पहिला रिमोट त्याने जो एकदा धरला तो पंचवीस वर्षं सोडला नाही. त्या मारिओच्या खेळाचा नियम असा, की पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. शिवाय आमच्या दुसऱ्या रिमोटला 'स्टार्ट'चं बटणच नव्हतं. मूळ जपानी यंत्रातही नव्हतं म्हणे. त्या जागी मायक्रोफोन होता. म्हणजे दुसऱ्याने ओरडावं, पण सुरू काही करू नये. मोठ्या भावाची घरातली अवस्था जपानला इतकी बिनचूक कशी कळली, हे मला अजून कोडं आहे.

२६ जुलै २००५ ला बेलवलीतल्या आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी शिरलं. तेव्हा धाकट्याने तिसऱ्या मजल्यावर सर्वांत आधी काय नेलं असेल? हे यंत्र. माझ्या लग्नाचा अल्बम उल्हास नदीने नेला. त्याबद्दल मी त्याला पुष्कळ बोललो. बायकोने मात्र चकार शब्द काढला नाही, याचा अर्थ मी लावत बसलो नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये धाकटा गेला. यंत्र कपाटावर राहिलं.

आता पुतण्याचं म्हणणं असं, की ते नुसतं धूळ खातंय. आपण त्याचं खिशात मावेल असं करू. त्याने झाकण उघडून दाखवलं आणि मला धक्काच बसला. एवढा थोरला डबा, आत बहुतेक हवा! हिरवी पट्टी, तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. मूळ यंत्रातल्या सगळ्या चिपा त्या ठिपक्याखाली एकवटलेल्या. बाकी टीव्हीच्या अँटेनाला जोडायची पत्र्याची डबी आणि नऊ व्होल्टचे पाच करताना तापणारा एक तुकडा. हे दोन्ही कापायचं. गाडी मागे घेताना बघायचा जो छोटा पडदा मिळतो तो लावायचा, लिथियमची बॅटरी बसवायची, पट्टी कापताना तुटलेल्या रेषा केसाएवढ्या तारांनी जोडायच्या. झालं.

"आणि मग उरलं काय तुझ्या बाबांचं?" मी विचारलं.

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न जुनाच आहे. आहेच. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं, फळी कुजली की बदलली, आणि सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का, म्हणून पंडित भांडत बसले. नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं, तुझा रथ म्हणजे नेमकं काय, चाक की आस की जू? त्या मंडळींचा रथ निदान पुराच्या पाण्यातून कुणी डोक्यावर धरून नेला नव्हता. आणि आमचं तर गावच बदलापूर. घोडे बदलायची जागा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. घोडा बदलला तरी स्वार तोच, हे ठीक. पण इथे स्वार गेलाय आणि पोरगं घोडा कापायला निघालंय!

हे सगळं मी भावजयीला ऐकवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "भाऊजी, आईंच्या नऊवारीची गोधडी शिवली तेव्हा कात्री मीच चालवली. तुम्ही गेली बारा वर्षं ती पांघरून घोरताय. तेव्हा नाही तुम्हाला कुठलं जहाज आठवलं?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी मेथीची एक काडी निवडली.

पण रात्री त्याच गोधडीत पडल्यापडल्या विचार आला, की लुगडं फाटलं होतं म्हणून फाडलं. चालती वस्तू कापणं निराळं. कपाटावर न वापरता ठेवणं म्हणजे तिला जपणं की नुसतं तिला हात लावायचं धैर्य नसणं, हेही मला नीट सांगता येईना. इतकी वर्षं मी फक्त तिच्यावरची धूळ पुसत होतो. आणि खरं सांगायचं तर माझी परवानगी मागायचंही काही कारण नव्हतं. वस्तू बापाची, बाप त्याचा. मी आपला निम्म्या पैशांचा धनी, आणि ते पैसेही धाकट्याने पुढे दिवाळीत फेडले होते.

सकाळी हॅक्सॉ दिली.

आठ दिवस घरात रोझिनचा वास होता. बदकं मारायच्या खेळाचं पिस्तूल आता चालणार नाही, हे पुतण्याने आधीच सांगितलं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि पिस्तुलाच्या नळीतला डोळा तो बघतो. हा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीशी बांधलेला. नव्या पडद्याशी जमत नाही. पिस्तुलाचं मला फारसं वाटलं नाही. मग त्याने सहज म्हणून सांगितलं, "दुसऱ्या रिमोटचं सॉकेट पण उडवतोय. असली यंत्रं एकट्यासाठीच असतात, काका."

इथे मात्र माझा आवाज चढला. इतका, की शेजारचे जोशी डोकावून गेले. नक्की काय बोललो ते आठवत नाही. रथाचं चाक काढ, आस काढ, पण असं काहीतरी असावं. पोरगं बघत राहिलं. मग म्हणालं, "बरं. पण मग खिशात नाही मावणार."

नाही मावत. डाव्या अंगाने सॉकेट गळवासारखं बाहेर आलंय, त्यातून माझ्या जुन्या रिमोटची वायर लोंबते. पहिल्याची बटणं पट्टीवरच आहेत. 'ए'चं बटण जुनंच बसवलंय, धाकट्याच्या अंगठ्याने मध्ये खळगा पडलेलं. यंत्र न्यायला भाजीची पिशवी लागते.

रविवारी सुरू केलं. कॅसेट मी फुंकली. त्याने हरकत घेतली नाही. पहिला खेळाडू तो, दुसरा मी. बापापेक्षा पोरगं फारच चांगलं खेळतं. चहा होऊन गेला, भावजय बाजारातून जाऊन आली, ते आपलं उड्या मारत पुढेच चाललंय. मध्ये एकदा म्हणालं, "काका, मुद्दाम मरू का?"

"खबरदार," मी म्हटलं आणि रिमोट नीट धरून बसलो.