दिवा कोणासाठी लावायचा?



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार आपण जागतिक मिशन रविवार म्हणून पाळतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी आपण दूरदेशी गेलेल्या धर्मगुरूंसाठी व धर्मभगिनींसाठी प्रार्थना करतो, दान देतो. पण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली स्पष्टपणे शिकवले की, स्नानसंस्कार घेतलेल्या प्रत्येक प्रापंचिकाला प्रेषितकार्याचे पाचारण आहे. मग सोलापुरात राहणाऱ्या, सकाळी डबा घेऊन कामावर जाणाऱ्या माणसाने हे कार्य करायचे कसे?

प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनात या बाबतीत दोन आज्ञा आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या. सहाव्या अध्यायात तोच प्रभू बजावतो की, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. मग चांगले काम दाखवायचे की झाकायचे?

दिव्याचेच उदाहरण घेऊ. घरात दिवा लावतो तो दिव्याकडे टक लावून बघण्यासाठी नव्हे. त्या उजेडात भाकरी थापता यावी, मुलाला पुस्तक वाचता यावे, म्हणून लावतो. दिवा दिसतो खरा, पण दिसणे हा त्याचा हेतू नसतो. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, कृत्य चांगले असले तरी हेतू वाईट असेल तर ते बिघडते. दानधर्म चांगलाच, पण मोठेपणासाठी केला तर तो चांगला राहत नाही.

इथपर्यंत सर्वांना पटेल. कठीण प्रश्न पुढेच आहे. मोठेपणासाठी नाही, पण शेजाऱ्याने आपल्या धर्माकडे वळावे म्हणून त्याला मदत केली तर? आपल्या देशात ख्रिस्ती सेवेकडे कधी कधी संशयाने पाहिले जाते. ‘यामागे काही हेतू असेल,’ असे लोक म्हणतात. हा आरोप ऐकून आपल्याला राग येतो. पण रागावण्याआधी आपण आपले अंतःकरण तपासावे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात याचे उत्तर दिले आहे. प्रेम फुकट द्यायचे असते, दुसरे काही साधण्याचे साधन म्हणून नव्हे. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहून प्रेमालाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळते, असे ते सांगतात. आजारी माणूस आपल्यासाठी ‘संधी’ नाही, तो आजारी माणूस आहे.

आपल्याच शहराचे उदाहरण पाहा. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी युद्ध चालू होते. त्यांनी जखमींवर उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच देह ठेवला. ते ख्रिस्ती नव्हते. पण दाखल्यातला चांगला शोमरोनी तरी यहुद्यांच्या लेखी कोण होता? परकाच ना? निर्हेतुक सेवा कशी असते, हे प्रभूने एका परक्याकडे बोट दाखवून शिकवले. आपणही शिकायला लाजू नये.

मग तोंड कायमचे मिटून घ्यावे काय? नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली लिहिले की, जीवनाची साक्ष पहिली, पण केवळ तीच पुरेशी नाही; सुवार्ता शब्दांतही यावी लागते. फक्त क्रम लक्षात ठेवू या. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या, असे संत पेत्र सांगतो. म्हणजे आधी कोणीतरी विचारावे असे आपले जगणे हवे.

मार्केट यार्डात कांद्याची पोती तोलणाऱ्याने काटा सरळ धरावा. विडी कारखान्यात माल तपासणाऱ्याने बाईच्या दिवसभराच्या कष्टाच्या विड्या उगाच खराब ठरवू नयेत. सरकारी दवाखान्यातील नर्सने, ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याचीही चादर बदलावी. वरिष्ठ बघत नसतानाही हे घडले, तर एखाद्या दिवशी कोणीतरी विचारील, ‘तुम्ही असे का वागता?’ तेव्हा प्रभूचे नाव घ्यायला संकोच करू नका. आणि कोणीच विचारले नाही तरी काटा सरळच राहू द्या. तोलून घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे पूर्ण वजन मिळाले, एवढ्यानेही ते काम पूर्ण झाले.

१९२७ साली ख्रिस्तसभेने मिशन कार्याला दोन आश्रयदाते संत दिले. एक, समुद्र ओलांडून भारत आणि जपानपर्यंत गेलेले संत फ्रान्सिस झेवियर. दुसरी, लिझ्यूच्या मठात प्रार्थना आणि लहानसहान कामे करीत चोविसाव्या वर्षी मरण पावलेली संत तेरेजा. दोघेही एकाच पंक्तीला बसले आहेत.

या आठवड्यात आपण एवढेच स्वतःला विचारू या: ज्याच्याकडून मला काहीच मिळणार नाही, स्तुती नाही आणि माझ्या धर्माला एक माणूसही नाही, त्याच्यासाठी मी काय केले?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.