‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचे ऋण

विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला एक निराळाच अर्थ प्राप्त झाला आहे. आपल्यासाठी तो व्रतस्थ भगिनींच्या मठाचा वाचक. परंतु पुसदसारख्या तालुक्याच्या गावी कोणी ‘पोराला कॉन्व्हेंटात टाकलं’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात मठही नसतो आणि क्रूसही नसतो. गल्लीतल्या दोन खोल्यांत भरणारा इंग्रजी शिशुवर्गही तेथे कॉन्व्हेंटच. चालक कोणत्याही धर्माचा असो, पाटीवर तो शब्द असतो. कारण लोकांच्या लेखी तो शिस्तीचा आणि इंग्रजीचा हवाला आहे. भगिनींनी पिढ्यानपिढ्या उपसलेल्या कष्टांची ही पावती होय आणि तिचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आपला शब्द इतरांच्या पाटीवर झळकू लागला, की आपण आपल्याच दाराकडे एकदा निरखून पाहावे. त्या दारात तीन वर्षांचे मूल उभे राहते, तेव्हा आपण त्याचे काय करतो?

पूस नदीकाठच्या या गावाभोवती डोंगर आहेत, बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत, पऱ्हाटीची आणि तुरीची शेते आहेत. याच तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. माणूस कोठून कोठवर जाऊ शकतो, हे येथील आईबापांना सांगावे लागत नाही. म्हणूनच लेकराचे बोट धरून शाळेच्या पायरीवर ताटकळणाऱ्या बापाची काळजी खरी असते. आता अशी कल्पना करा, की आत त्या लेकराला चित्र दाखवून फळाचे इंग्रजी नाव विचारले जाते. घरी गोरमाटी बोलणारे ते मूल गप्प राहते. कोणते करडू कोणत्या शेळीचे, हे त्याला बिनचूक ठाऊक आहे. पण ते कोणी विचारत नाही. त्या दहा मिनिटांत मुलाची बुद्धी मोजली गेली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात मोजले जाते ते त्याच्या आईचे शिक्षण आणि बापाची मिळकत.

शिशुशिक्षणाच्या थोर प्रवर्तकांची वाट याच्या अगदी उलट होती. मारिया माँटेसरी या कॅथलिक डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले म्हणजे दिवसभर उंडारणारी मजुरांची मुले हेच तेथील पहिले विद्यार्थी. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तेथे रुजली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ते नाव देशभर पोहोचवले. मूल शाळेस लायक आहे का, असे या स्त्रियांनी कधी विचारले नाही. शाळा मुलास लायक आहे का, एवढेच त्या पाहत राहिल्या.

पुढे शासनालाही हे उमगले. यशपाल समितीने १९९३ साली नर्सरी-प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची परीक्षा घेण्यास आणि देणगी उकळण्यास मनाई केली. खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. मात्र ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ साली दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका नोंदवून तो फेरविचारासाठी वर धाडला. न्यायालयात काय व्हायचे ते होवो. आपल्यापुढचा प्रश्न त्याहून जुना आहे: कायदा जे मागत नाही, ते आपली सदसद्विवेकबुद्धीही मागत नाही काय?

यावर कोणी म्हणेल, ‘जागा चाळीस आणि अर्ज शंभर, निवड टळणार कशी? शिवाय आपल्या लेकरांना आधी जागा नको का?’ दोन्ही शंका रास्त आहेत. संविधानाच्या ३० व्या कलमाने दिलेला अधिकार आपल्या समाजाच्या रक्षणासाठीच आहे. पण पुसदसारख्या ठिकाणी आपली कुटुंबे मोजकीच. त्यांची मुले घेतल्यावरही वर्ग पुष्कळ रिकामा उरतो. उरलेल्या जागांसाठी प्रेषितांनी मार्ग दाखवून ठेवला आहे. यूदासची जागा रिकामी झाली, तेव्हा दोघे लायक पुरुष पुढे होते. प्रेषितांनी प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचे नाव निघाले. चिठ्ठी कोणालाही नापास करीत नाही. जागा न मिळालेले मूल निराश होऊन घरी जाईल, पण आपण कमी प्रतीचे आहोत, हा शिक्का घेऊन जाणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात कॅथलिक शाळांनी गरिबांची, मायेला पारख्या झालेल्यांची आणि आपल्या श्रद्धेबाहेरच्यांचीही विशेष काळजी वाहावी, असे आवर्जून सांगितले आहे. त्याच घोषणापत्राने आईवडिलांना मुलाचे पहिले शिक्षक म्हटले आहे. तेव्हा हे ओझे केवळ सिस्टरांवर टाकून चालणार नाही. आपल्या मुलाच्या वर्गात आणखी ‘कोण कोण’ बसते, याची गुपचूप चौकशी करणारे आपणच असतो. शेजारच्या अंगणवाडीकडे तुच्छतेने पाहणारेही आपणच. आपल्या या अपेक्षांचा दाब शाळेच्या दारावर पडत असतो.

आपल्यात मोठा कोण, यावरून शिष्य वाटेने वाद घालीत कफर्णहूमला आले. प्रभूने एक बालक घेतले, सर्वांच्या मध्ये उभे केले आणि त्याला कवटाळले. त्या बालकाचे नाव शुभवर्तमानात नाही. त्याच्या बापाचा व्यवसाय, त्याची बोली, यांचाही उल्लेख नाही. प्रभूने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न पडला होता तो भोवतीच्या मोठ्या माणसांना, आणि त्याचे उत्तर ते मुके बालक होते.

त्या बालकासाठी आपण मध्यभागी जागा केली, तर ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचे आपल्यावरील ऋण थोडेफार फिटेल.