हुकुमाची ओळ

मराठीत हुकूम ‘सोडला’ जातो. बाण सुटावा तसा तो सुटतो, आणि एकदा सुटला की परत घेण्याची सोय सोडणाऱ्याच्या हाती उरत नाही, ही जाणीव त्या क्रियापदातच आहे. सरकारी कचेरीने मात्र हुकूम असा सहजासहजी सुटू नये म्हणून एक मोठी व्यवस्था उभारलेली आहे. जुने कागद नष्ट करावयाचे म्हटले की प्रकरण कारकुनाच्या टिप्पणीपासून निघते, अधीक्षकाच्या टेबलावर थबकते, आणि वाटेत कोणीही समासात ‘चर्चा करावी’ एवढे दोन शब्द लिहून त्याला आठवडाभर अडवू शकतो. या दिरंगाईला आपण सर्वांनीच यथेच्छ नावे ठेविली आहेत. परंतु ती केवळ दिरंगाईच होती काय, हा प्रश्न त्या वाटेवरील सगळी टेबले एकाएकी नाहीशी झाल्यावाचून पडत नाही. संगणकाच्या कमांड लाइनवर ती नाहीशी झालेली आहेत.

कमांड लाइन म्हणजे चित्रे व बटणे यांच्यावाचून, केवळ अक्षरांनी संगणकाला आज्ञा करण्याची रीत. तिचे आज प्रचलित असलेले रूप मुख्यतः युनिक्स या प्रणालीचे. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. त्या काळी आज्ञा टेलिटाइपवर बडवाव्या लागत आणि उत्तरही कागदावर खडखडत छापून येई. साहजिकच आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या, आणि उत्तर शक्यतो नाहीच. फायलींची यादी पाहावयाची तर ‘एलएस’, प्रत करावयाची तर ‘सीपी’, नाव वा जागा बदलावयाची तर ‘एमव्ही’, काढून टाकावयाची तर ‘आरएम’. काम फत्ते झाले की यंत्र गप्प राहते. बोलते ते अडल्यावरच. ज्यांनी ही प्रणाली घडविली तेच ती वापरीत होते. आज्ञा करणारा जाणता आहे, हे त्यांनी गृहीतच धरिले होते.

‘काढून टाकणे’ म्हणजे तरी नेमके काय? फायली ठेवलेली जागा म्हणजे कपाट, अशी आपली समजूत असते. वस्तुतः युनिक्समधील निर्देशिका, म्हणजे डिरेक्टरी, हे कपाट नसून आपल्या आवक-जावक शाखेतल्यासारखे एक नोंदबुक आहे. त्यात एकेका ओळीत एक नाव व एक क्रमांक असतो. फाइल कोणाची, केवढी, चकतीवर कोठे पसरली आहे, हे सारे त्या क्रमांकाखाली नोंदलेले असते. नाव मात्र फायलीत कोठेही नसते. एकाच क्रमांकाला दोन नोंदबुकांत दोन नावे असू शकतात, आणि त्यांतील एक मूळ व दुसरे उपरे असा भेद नाही. ‘आरएम’ ही आज्ञा यांपैकी एका ओळीवर काट मारते. शेवटचे नाव गेले आणि फाइल कोणी उघडून बसलेले नसले, की मग ती जागा मोकळी झाली असे यंत्र मानते. आणि तेव्हाही तेथील अक्षरे बहुधा लगेच पुसली जात नाहीत, दुसरा मजकूर त्यांवर लिहिला जाईपर्यंत ती तशीच पडून राहतात. ज्याला वाटते की मी नाश केला, त्याने तो केलेलाच असतो असे नाही. आणि ज्याला वाटते की मी एक फालतू नाव खोडले, त्याने शेवटचे नाव खोडलेले असू शकते. दोहोंची आज्ञा अक्षरशः एकच, आणि तिच्यानंतरचे मौनही एकच.

अधिकाराची गोष्ट याहून विचित्र आहे. एखादी फाइल मला वाचता येत नाही, तीत एक अक्षर फिरविण्याचीही मला मुभा नाही. परंतु ज्या निर्देशिकेत तिचे नाव आहे तीत फेरफार करण्याचा अधिकार मला असेल, तर दुसऱ्याच्या मालकीची ती फाइल मी खुशाल काढून टाकू शकतो! तर्क बिनचूक आहे: खोडावयाचे ते नोंदबुकातील नाव, तेव्हा अधिकारही नोंदबुकाचाच पाहावा. गोपनीय लखोटा फोडण्याचा अधिकार नसलेला नोंदणी कारकून तो हरवू मात्र शकतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहेच. सर्वांच्या सामाईक वापराच्या निर्देशिकेसाठी पुढे ‘स्टिकी बिट’ नावाची खूण योजावी लागली, जेणेकरून तेथे सामान्य माणसाला फक्त आपलीच फाइल काढता यावी.

१७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ केला गेला, ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, हुकुमाच्या स्वभावाविषयी ती फार खरे सांगते. गारद्यांनी कागद जसा हाती आला तसा बजाविला. २०११ साली लायनक्सवरील बम्बलबी नावाच्या एका मुक्त प्रकल्पात असाच प्रकार घडला. ‘यूएसआर’ या निर्देशिकेच्या पोटातील एक खोलवरची जागा तेवढी काढावयाची होती. परंतु लिहिताना ‘यूएसआर’च्या पुढे एक रिकामी जागा पडली. त्या रिकाम्या जागेने एका पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि ज्यांनी तो प्रकल्प आपल्या संगणकावर बसविला त्यांची आख्खी ‘यूएसआर’, म्हणजे यंत्राची बहुतेक सारी अवजारे, नाहीशी झाली. येथे तर अक्षरही बदलले नव्हते. गारदी निदान माणसे होती. विचारले असते तर विचारू शकली असती. ज्याला विचारताच येत नाही अशा सेवकाला आज्ञा करणाऱ्यावर म्हणूनच एक अधिकचे कर्तव्य येते: हाताखालच्या शहाण्या माणसाने जो प्रश्न विचारला असता, तो त्याने स्वतःलाच विचारला पाहिजे.

मग यंत्रालाच प्रश्न विचारावयास लावावे, असे कोणी म्हणेल. तशी सोय आहे. ‘आरएम’पुढे ‘आय’ हे अक्षर जोडले की प्रत्येक फायलीगणिक ‘काढू काय?’ असे ती विचारते. पण चाळीस फायलींना चाळीसदा ‘होय’ म्हणणारा मनुष्य एकेचाळिसाव्या वेळी प्रश्न वाचीत नाही. सहीसाठी आलेल्या ढिगातील शेवटच्या दहा फायलींचे काय होते, हे मी या वाचकांस काय सांगावे! पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न आपोआप पडेल अशी तजवीज करून ठेवतात; तिची सवय जडलेला मनुष्य परक्या यंत्रावर गेला, की तेथे प्रश्न पडत नाही आणि हात मात्र चाललेला असतो. नेहमी विचारला जाणारा प्रश्न हा प्रश्न राहत नाही, आणि नीतीच्या दृष्टीने तो घातकच म्हटला पाहिजे. कारण तो आपल्याला जबाबदारीतून सुटल्याचा दाखला देतो.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने, रात्री उशिरापर्यंत झुंजत असता, दुय्यम यंत्रावरील निर्देशिका म्हणून मुख्य यंत्रावरचीच काढावयास घेतली. एक-दोन क्षणांत चूक ध्यानी येऊन त्याने हात आवरला. पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले होते. राखीव प्रती घेण्याचे नित्याचे काम कित्येक दिवस बिघडलेले होते, आणि बिघाडाची सूचना देणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. यशाचे मौन आणि अपयशाचे मौन यांतील फरक कोणाला कळावा? त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिने बहुतेक सारे वाचविले. कंपनीने हा वृत्तांत न लपविता जगापुढे ठेविला. दोष एका माणसाच्या बोटांवर ढकलला नाही, हे मला त्यातील सर्वांत मोलाचे वाटते.

बोटांवर भिस्त न ठेवणारी योजनाही युनिक्समध्ये मुळापासूनच आहे. ‘आरएमडिर’ ही आज्ञा रिकामीच निर्देशिका काढते. आत एक जरी फाइल असली तरी ती साफ नकार देते. ती काही विचारीत नाही, कारण तिला घात करताच येत नाही. अनुभवी माणसे ‘आरएम’ला जे शब्द द्यावयाचे तेच आधी ‘एलएस’ला देऊन यादी डोळ्यांखालून घालतात, आणि सर्वाधिकारी ‘रूट’च्या खुर्चीवर कामापुरतेच बसतात.

आपल्या देशात १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा संगणकाने निर्मिलेल्या सामग्रीसही अभिलेखच मानतो. विहित रीतीवाचून अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतो. कायदा अर्थातच ‘कोणी आणि कोणत्या रीतीने’ असे विचारतो. ‘आरएम’ आपल्यामागे कसलाही शेरा ठेवीत नाही. टंकलेल्या आज्ञांचा इतिहास संगणक एका फायलीत लिहून ठेवतो खरा, पण ती फाइलही ज्याची त्याच्याच मालकीची. ‘आरएम’ला तिचे नाव दिले की तीही जाते. म्हणून जाणत्या कचेऱ्यांत कोणी काय टंकले याची नोंद त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठविली जाते, आणि त्या यंत्राची किल्ली पहिल्या यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याजवळ ठेवीत नाहीत.