दुसऱ्याच्या अंगणातला विसावा

मुठा गावात राहणाऱ्या माणसाने विश्रांतीसाठी आणखी कुठे जावे, ही गोष्ट पुण्याच्या मंडळींना जरा हास्यास्पद वाटते. त्यांच्या लेखी मुठा हीच विश्रांतीची जागा. पिरंगुट सोडले, उरवडे मागे टाकून खिंड ओलांडली, की त्यांचा आठवड्याचा शीण उतरू लागतो. पावसाळ्यातल्या रविवारी टेमघर धरणाच्या वाटेवर मोटारींची रांग लागते. कोणी गाडीतून उतरून 'काय सुंदर देखावा!' म्हणून बोट दाखवतो, आणि त्या बोटाच्या रोखात आवणी करणारी चार माणसे गुडघाभर चिखलात वाकलेली असतात. त्यांचा देखावा तो आमचा कामाचा दिवस.

यात रागावण्यासारखे काही नाही. या मंडळींच्या येण्याने रस्त्याकडेची पिठले-भाकरीची खोपटी चालतात, कोणाच्या पोराला रखवालीचे काम मिळते. कधीकधी तो ज्या जमिनीची राखण करतो ती त्याच्याच बापाने विकलेली असते, हा भाग निराळा. पण वर्षानुवर्षे हे पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. निव्वळ विश्रांतीची अशी जागा पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. जिथे एकजण पाय पसरतो, तिथे दुसऱ्या कोणाचे तरी हात चालू असतात.

यंदा हाच विचार आमच्या घरात येऊन बसला. माझी सून पिरंगुटच्या एका कारखान्यात काम करते. पहाटे उठून डबे, मग गाडी, मग आठ तास यंत्रापुढे उभे राहणे, आणि घरी आल्यावर पुन्हा घर. दिवाळीचे चार दिवस कारखाना बंद असतो. दसऱ्यानंतर एका रात्री ती सहज म्हणाली, "अण्णा, या चार दिवसांत समुद्र पाहू या का? पण नुसती वाळू नको, झाडी पण हवी. कुठेतरी सावलीत पडून राहावेसे वाटते." लग्नाला अकरा वर्षे झाली, पण तिने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे जायचे हे त्याच क्षणी ठरले. मुलाची भातकापणी नेमकी तेव्हाच येते, तोही म्हणाला, "दोन दिवस मागे ढकलू." ज्याने भात पिकवले आहे त्याला या दोन दिवसांची किंमत ठाऊक असते.

मी निवृत्त शिक्षक. घरातल्या कोणत्याही प्रवासाचा नकाशा माझ्यापुढे येतो. झाडी आणि समुद्र एकत्र म्हटल्यावर मी मुरूडच्या बाजूचे फणसाड निवडले. जंजिऱ्याच्या नवाबांचे ते शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. डोंगरउतारावर दाट झाडी, झाडीत शेकरू, आणि पाण्याच्या ज्या जागांवर सगळे रान जगते त्यांना तिथले लोक 'गाण' म्हणतात. पलीकडे काशिद आणि नांदगावचा किनारा. नातीला शेकरू पाहायचा होता, सौ.ला समुद्रात पाय बुडवायचे होते आणि सुनेला झोपायचे होते. एका ठिकाणी तिघींचे भागत होते.

वाटही मोठी बोलकी आहे. मुळशीच्या कडेने ताम्हिणी घाट उतरून कोलाड, तिथून रोहा, मग रेवदंड्याची खाडी. नकाशावर बोट फिरवताना लक्षात आले, की आपण पाण्याच्याच वाटेने चाललो आहोत. मुळशीचे पाणी खरे म्हणजे पूर्वेचे. मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून ते थेट बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांच्या धरणाने ते अडवले आणि पश्चिमेला वळवून कडा उतरवून कोकणात भिऱ्याला नेले. १९२७ पासून तिथे त्याच्यावर वीज होते. काम उरकले, की तेच पाणी कुंडलिकेतून कोलाडला येते, आणि भिऱ्याहून पाणी सुटले की शहरची तरुण मंडळी फुगवलेल्या नावांत बसून त्याच्यावर हिंदकळत मौज करतात. शेवटी रेवदंड्याला ते समुद्रात मिळते.

या धरणासाठी सुमारे पन्नास गावे उठली. १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी दिली. धरण झालेच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, ही गरज काही खोटी नव्हती. पण मोठ्या सोयीसाठी लहानांनी थोडे सरकावे, हा त्यामागचा हिशेब मात्र मुळशीच्या माणसाला अजून टोचतो. आम्ही तो हिशेब लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तोही सरकणाऱ्यांच्या बाजूने.

राहण्याची सोय नांदगावच्या बाजूला एका घरी ठरत होती. वाडीतच दोन खोल्या, जेवण घरचे. मी फोन केला तेव्हा त्या घरच्या बाई म्हणाल्या, "या ना. पण पाडवा-भाऊबीज सोडून आलात तर बरे पडेल. भाऊबीजेला माझे भाऊ येतात, वर्षातून तेवढेच." मी क्षणभर गप्प राहिलो. त्या शांततेचा अर्थ त्यांनी भराभर लावला असावा. लगेच म्हणाल्या, "पण तुम्हाला तेव्हाच जमत असेल तर या. करते मी."

'करते मी.' हे दोन शब्द घेऊन मी घरात आलो, आणि आमच्याकडे वाद सुरू झाला.

मुलाचे म्हणणे सरळ होते. आपण फुकट जात नाही, पैसे देतो. त्यांनी नको म्हटलेले नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळीचे रोप लावून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. तोवर घर कशावर चालायचे? पाहुण्यांवरच. मग आपण 'तुम्हाला त्रास नको' म्हणून घरी बसलो, तर त्यांच्या हातात काय पडणार? आपले सोवळेपण! हे म्हणणे मला पटले. न जाण्यात पुष्कळदा चांगुलपणापेक्षा चांगुलपणाचा डौलच अधिक असतो.

सौ. एवढेच म्हणाली, "अहो, मला चार दिवस चुलीपुढे बसायला लागू नये, इतकेच मला कळते." हेही खरे. छत्तीस वर्षांत तिने घेतलेल्या रजांची नोंद कोणत्याही हजेरीपटात नाही. पण तिची चूल विझली तर नांदगावची पेटणार, आणि तीही भाऊबीजेच्या दिवशी, हे ती बोलली नाही तरी आम्हा सर्वांना दिसत होते.

विश्रांती हा माणसाचा हक्क आहे, हे कळायला जगाला फार दिवस लागले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांसाठी झगडून रविवारची सुट्टी मिळवली, ती १० जून १८९० पासून. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एका दिवसाची पगारी रजा लिहून दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क सर्वांना दिला आहे. सुनेच्या चार दिवसांमागे एवढा इतिहास उभा आहे. ती काही कोणाची मेहेरबानी नव्हे. पण या सगळ्या सनदा ज्याला मालक आहे त्याच्या कामी येतात. मालकच नसलेल्याने रजेचा अर्ज कोणाकडे करावा? शेतकऱ्याने, घरातल्या बाईने, दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या वाडीवालीने? आमच्याकडे बैलाला पोळ्याच्या दिवशी जू लावत नाहीत. त्या दिवशी त्याच्यासाठी पुरणपोळी लाटणारीला मात्र पहाटे चारला उठावे लागते.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने सांगून ठेवले आहे, की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. या वाक्याचे सारे मर्म 'केवळ' या शब्दात आहे. साधन म्हणून तर आपण एकमेकांना रोजच वापरतो. मी शाळेत शिकवले ते पगारासाठी, मुले बसली ती पास होण्यासाठी. त्यात पाप नाही. पाप येते ते समोरच्याला स्वतःचा म्हणून काही दिवस असतो, काही वाट पाहणे असते, हे विसरल्यावर. त्या बाईंनी रांधलेल्या जेवणाची किंमत देता येते. भाऊ दारात उभा असताना आम्हाला सोलकढी वाढायला आत जावे लागणे, याची किंमत कोणत्या दराने लावायची? आणि त्या 'हो' म्हणाल्या म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. गरजवंताचा होकार ऐकताना कान दुप्पट उघडे ठेवावे लागतात. पहिल्या वाक्यात त्यांनी मन सांगितले होते, दुसऱ्या वाक्यात अडचण.

आमच्या मुळशी-मावळात देवराया आहेत. जुन्या लोकांनी रानाचा एक तुकडा राखला आणि ठरवले, की इथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. उरलेल्या रानातून त्यांनी सरपण नेले, राब भाजला, गुरे चारली. रानावाचून जगता येत नाही, तसे रान सगळेच घेताही येत नाही, हे त्यांना कळत होते. किनाऱ्यावरचे कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, त्यातही हेच शहाणपण आहे. मला वाटते, माणसाच्या वर्षातही एखादी देवराई असावी. दोन-चार दिवस असे, की ज्यांना पैसे देऊनही कोणी हात लावू नये. त्या बाईंची भाऊबीज ही तशी देवराई होती.

हे सारे मी सुनेपुढे मांडले नाही. जिला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, तिलाच त्यागाचा उपदेश करायचा, हा आपल्या समाजाचा जुना धंदा आहे. मी फक्त फोनवरचे बोलणे जसेच्या तसे सांगितले आणि म्हटले, "तू म्हणशील तसे." ती रात्रभर काही बोलली नाही. सकाळी डबा भरताना म्हणाली, "माझाही भाऊ भाऊबीजेलाच येतो, अण्णा. तुळशीचे लग्न झाले की जाऊ. माझ्या दोन रजा शिल्लक आहेत." चाराचे दोन दिवस झाले. मी नांदगावला फोन करून तसे कळवले. पलीकडून बाई म्हणाल्या, "बरे झाले," आणि मग किंचित थांबून, "शेकरू सकाळी लवकर दिसतो, मुलीला उठवा म्हणजे झाले."

हिशेब बरोबर जुळला असे मी म्हणणार नाही. दोन दिवस कमी झाले ते सर्वांत दमलेल्या माणसाचे, आणि हे मला आवडलेले नाही. म्हणून दिवाळीच्या चार दिवसांतली दोन जेवणे मुलाने आणि मी अंगावर घेतली आहेत. पिठले जमते, भाताचा भरवसा नाही. त्याने दोन दिवसांची भरपाई होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण निदान ओझे कोणाकडून कोणाकडे गेले, हे तरी घरात उघड झाले.

वाचकहो, हा अंक तुम्ही फराळाचे ताट पुढे घेऊन वाचत असाल. सुट्टी आहे, मन प्रसन्न आहे. प्रवासाचे बेतही चालले असतील. जरूर जा. समुद्र पाहा, रान पाहा, चांगले गाढ झोपा. विश्रांती घेणाऱ्याने अपराध्यासारखे तोंड करून बसावे, असे मुळीच नाही. फक्त जिथे जाल तिथल्या माणसाला जायच्या आधी एक प्रश्न विचारा: "तुमची सुट्टी केव्हा असते?" आणि उत्तरातले पहिले वाक्य ऐका. हा प्रश्न लांबच्या गावीच विचारायला हवा असेही नाही. ताटातली चकली संपली असेल, तर ती आणायला या वेळी आपण स्वतःच उठावे, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोही विचारून यावा.