पाचूच्या रंगाचे तिघे

जबलपुरात पाऊस ओसरला की कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर धातूसारखे लखलखणारे हिरवे कीटक दिसू लागतात. आपण त्या सगळ्यांना ‘हिरवी माशी’ म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्यात रंगाखेरीज फारसं काही सारखं नसतं, आणि तो रंगही खरं तर रंगद्रव्याचा नव्हे. कवचातल्या अतिसूक्ष्म थरांवरून परतताना हिरव्या प्रकाशलहरी एकमेकींना बळ देतात, बाकीच्या विरतात. म्हणून कीटक मेला तरी झळाळी उरते; सोनकिड्यांची पंखकवचं उंची वस्त्रांवर शिवली जात ती याच भरवशावर.

तेव्हा रंग सोडून पंख मोजावेत. दोनच असले आणि मिशा आखूड असल्या, तर ती खरोखरीची माशी. उकिरड्यावर बसणारी हीच आंब्याच्या मोहोरावर परागणही करते. तिला नाक मुरडणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

चार पंख, विरळ लव आणि मागच्या पायांना पराग दिसला, तर ती सेराटिना स्मॅरॅग्ड्युला, छोटी सुतार मधमाशी. फॅब्रिशियसने 1787 साली तिचं वर्णन केलं. ती पोळं बांधत नाही. घाणेरीच्या मोडक्या काडीतला गर कोरून एकामागे एक खोल्या करते आणि प्रत्येकीत परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते. बाग ‘स्वच्छ’ करणारे नेमक्या याच काड्या जाळतात.

तिसरी हिरवी गांधीलमाशी. कवच टणक, खडबडीत; धोका दिसला की अंगाचं मुटकुळं. फुलावर येते ती स्वतःच्या मधुरसापुरती. बिंगहॅमने भारतातल्या मधमाश्या-गांधीलमाश्यांचा खंड 1897 मध्ये काढला, पण हिला 1903 च्या दुसऱ्या खंडात मुंग्यांच्या पंगतीला बसवलं. हिचा डोळा कुंभारीण गांधीलमाशीच्या मातीच्या घरावर असतो.

कुंभारीण त्या घरात अळी कोंडते आणि पुढे त्यातून कुंभारीणच बाहेर पडते. यावरूनच कीटभृंगन्याय आला: ध्यासाने अळीच भृंग होते. पाहणाऱ्याचे डोळे चुकले नव्हते. ती अळी कुंभारणीच्या पिल्लाचा शिधा असते, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. हिरवी मात्र संधी साधून त्याच घरात आपलं अंडं घालते, तिची अळी यजमानाच्या पिल्लालाच खाते आणि घर फोडून पाचूच्या रंगाची कुणी भलतीच बाहेर येते. दृष्टांत देणाऱ्यांपैकी कुणी तेवढा वेळ तिथे बसून राहिला असता, तर कोंडलेल्या अळीने नेमका ध्यास घेतला कुणाचा, यावर मठात मोठा वाद रंगला असता.